समबंध आणि सव्वा महिना
(पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर बांधावयाच्या पट्ट्याविषयी)

बाळंतिणीचे पोट बांधणे ही गोष्ट आपल्या धाराशिव जिल्ह्यात कोणाला नव्याने सांगावी लागत नाही. परंड्यापासून उमरग्यापर्यंत कोणत्याही गावात जा. न्हाऊ-माखू घालून झाले, अंग शेकून झाले, की घरातील वडीलधारी बाई जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचा पट्टा काढते आणि बाळंतिणीच्या पोटाला वेढे देऊन बांधते. 'न्हाई तर पोटात वारं भरतंय,' एवढेच तिचे शास्त्र. मोंढ्यातील हमालही पोते पाठीवर घेण्यापूर्वी कमरेला उपरणे आवळतो. कामाला जोमाने लागण्याला आपली भाषा 'कंबर कसणे' म्हणते, ते काही उगीच नव्हे. बांधलेल्या पोटाला आधार असतो, ही समजूत आपल्या हाडीमाशी खिळलेली आहे.

आता त्या लुगड्याच्या पट्ट्याशेजारी दुसरा एक पट्टा आपल्या घरांत आला आहे. हा रबरी धाग्यांचा असतो, वीतभर रुंद, आणि त्याची दोन टोके एकमेकांवर दाबली की चिकटतात. सोडविताना चर्र असा आवाज होतो. काही वेळा तो पट्टा नसून बरगड्यांपासून मांड्यांपर्यंत येणारा, आकड्यांनी बंद होणारा घट्ट अंगाबरोबरचा पोशाखच असतो. सोलापूर, लातूर वा पुणे येथून पोटाची शस्त्रक्रिया करून परतणाऱ्या रुग्णाच्या पिशवीत औषधांच्या चिठ्ठीबरोबर तो हमखास असतो. आम्ही स्वतः अशा शस्त्रक्रिया करीत नाही. शस्त्रक्रिया करून गावी परतलेल्या माणसांच्या पुढच्या तक्रारी ऐकणे, एवढे आमचे काम. त्या तक्रारींवरून आमची अशी खात्री झाली आहे, की पट्टा सर्वांना मिळतो, पण तो कशासाठी, किती घट्ट आणि किती दिवस, हे फार थोड्यांना नीट समजलेले असते. पोटाविषयी बोलायला स्त्रियांना संकोच वाटतो. आणि सुटलेले पोट आवळण्यासाठी शस्त्रक्रिया केली, हे सांगायला तर त्याहून संकोच वाटतो. मग विचारायचे कोणाला? शेजारणीला. आणि शेजारीण सांगते, 'चांगला आवळून बांध.' या एका सल्ल्यापायी जो त्रास होतो, तो टाळावा म्हणून आजचा हा विषय आम्ही घेतला आहे.

प्रथम शस्त्रक्रिया कोणती ते पाहू. पोटाच्या पुढच्या बाजूस, मध्यरेषेच्या उजवीकडे व डावीकडे, बरगड्यांपासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत दोन उभे स्नायू असतात. गरोदरपणी पोट वाढते तसे ते एकमेकांपासून दूर सरतात आणि त्यांच्यामधील चिवट पडदा ताणून रुंद होतो. बाळंतपणानंतर काही महिन्यांत बहुतेक स्त्रियांचे हे स्नायू पुष्कळसे जवळ येतात. परंतु काहींचे येत नाहीत. विशेषतः जुळी झाली असली किंवा लागोपाठ बाळंतपणे झाली असली, तर येत नाहीत. मग उठून बसताना पोटाच्या मधोमध उभा फुगवटा दिसतो, कंबर दुखते, आणि कातडीची घडी लोंबू लागते. उन्हाळ्यात त्या घडीत घाम साचून कातडी सोलवटते. ज्यांचे वजन पुष्कळ वाढून मग पुष्कळ उतरले आहे, अशा पुरुषांचीही गत हीच.

यावरील शस्त्रक्रियेला डॉक्टर 'ॲब्डॉमिनोप्लास्टी' म्हणतात. बोलण्यात 'टमी टक' हे नाव रूढ झाले आहे. ती फार जुनी नाही आणि अगदी नवीही नाही. अमेरिकेत बाल्टिमोर येथील शल्यचिकित्सक हॉवर्ड केली यांनी लोंबणारी कातडी व चरबी कापून काढल्याचे १८९९ मध्ये नोंदविले. ब्राझीलच्या इव्हो पितांगी यांनी १९६७ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली, आणि त्यानंतर ही शस्त्रक्रिया जगभर पसरली. तीत ओटीपोटावर, एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत, आडवा छेद घेतात. कातडी व तिच्याखालची चरबी स्नायूंवरून सोडवीत वर बरगड्यांपर्यंत नेतात. दूर सरलेले स्नायू टाके घालून एकत्र आणतात. कातडी खाली ओढून उरलेली कापतात आणि बेंबीसाठी नवी वाट करून देतात. ही शस्त्रक्रिया वजन उतरविण्यासाठी नाही, हे येथेच सांगून ठेवलेले बरे. ज्या स्त्रीला अजून मूल हवे आहे तिने ती पुढे ढकलावी, असाच सल्ला डॉक्टर देतात. कारण पुढील गरोदरपणात आवळलेले पुन्हा ताणले जाते.

आता पट्ट्याचे मर्म कळायला एकच गोष्ट डोळ्यांपुढे आणावी. कातडी स्नायूंवरून सोडविली, याचा अर्थ दोन थरांमध्ये एक मोठी रिकामी जागा तयार झाली. वर कातडी आहे, खाली स्नायू आहेत आणि मध्ये काही नाही. शरीराला अशी रिकामी जागा मानवत नाही. तेथे पाझर सुरू होतो आणि पिवळसर पाणी साचू लागते. डॉक्टर त्याला 'सिरोमा' म्हणतात, आणि या शस्त्रक्रियेनंतर वारंवार उद्भवणाऱ्या त्रासांपैकी हा एक प्रमुख त्रास आहे. पाणी साचले की दोन थर एकमेकांना चिकटत नाहीत, आणि चिकटले नाहीत की पाणी आणखी साचते. या दुष्टचक्राला आरंभीच अडवायचे, तर थर एकमेकांना टेकलेले राहिले पाहिजेत.

गंमत अशी, की आपल्या आजीबाईंचे 'वारं भरतंय' हे बोलणे या विचारापासून फार दूर नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, प्रसूतेचे पोट मोठ्या स्वच्छ वस्त्राने वेढावे असे सांगितले आहे, आणि त्याचे कारणही दिले आहे: वायूला आत अवकाश मिळू नये, म्हणजे तो विकार करणार नाही. वायूची ती उपपत्ती आजचे वैद्यक मानीत नाही. आणि चरकांपुढे बाळंतीण होती, शस्त्रक्रिया झालेला रुग्ण नव्हता, हेही खरे. परंतु 'रिकामी जागा राहू देऊ नका' हे सूत्र मात्र दोन्हीकडे एकच आहे.

ही जागा बंद करायला शल्यचिकित्सकाजवळ तीन साधने असतात. पहिले साधन बारीक नळ्यांचे. त्या कातडीखाली ठेवतात आणि साचणारे पाणी बाहेरच्या डबीत ओढून घेतात. दुसरे साधन आतल्या टाक्यांचे. आपल्याकडे वाकळ कशी शिवतात ते आठवा. जुन्या कापडाचे थर एकावर एक घालून नुसत्या कडा शिवल्या, तर आतले थर सरकतात आणि गोळा होतात. म्हणून बाई सगळ्या वाकळेवर धावदोरा घालीत जाते. ब्राझीलमधील बारोदी आणि फेरेरा यांनी १९९८ मध्ये नेमकी हीच युक्ती पोटाच्या कातडीसाठी सांगितली. कातडीची आतली बाजू ठिकठिकाणी टाक्यांनी स्नायूंवर टाचून टाकायची. या टाक्यांनी पाणी साचण्याचे प्रमाण पुष्कळ कमी होते, असे त्यानंतरच्या अनुभवाने दिसले आहे. आणि तिसरे साधन म्हणजे पट्टा. वाकळ शिवताना थर हलू नयेत म्हणून बाई डावा तळहात दाबून ठेवते ना, तसा हा बाहेरून ठेवलेला तळहात आहे.

यावरून पट्ट्याची योग्यता व मर्यादा दोन्ही कळतात. तो थरांना टेकवून ठेवतो. सूज वाढू देत नाही. आणि खोकताना, शिंकताना, अंथरुणातून उठताना टाक्यांवर येणारा ताण अंगावर वाटून घेतो, म्हणून दुखणे कमी वाटते आणि रुग्णाला चालायचा धीर येतो. हा शेवटचा लाभ लहान समजू नये. शस्त्रक्रियेनंतर लवकर उठून चालणे हे पुष्कळ संकटांवरचे औषध आहे. पण पट्टा स्नायू जोडत नाही. ते टाक्यांचे काम. पट्टा चरबी वितळवीत नाही. ते कोणत्याच पट्ट्याचे काम नव्हे. एकट्या पट्ट्याने पाणी साचणे किती टळते, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही; म्हणूनच कोणी सहा आठवडे पट्टा लावायला सांगतो, तर कोणी तीनच. रुग्णाने या मतभेदाने गोंधळून जाऊ नये. ज्याने आपले पोट उघडून पाहिले आहे, त्याचे आपल्यापुरते प्रमाण मानावे.

आता पहिला प्रश्न: किती घट्ट? येथे पुन्हा एकदा जुन्या ग्रंथाकडे वळणे आम्हांला उपयोगाचे वाटते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात जखमा बांधण्याविषयी एक संपूर्ण अध्याय आहे. तीत बंधांचे चौदा आकार सांगितले असून घट्टपणाच्या तीन पायऱ्या ठरविल्या आहेत: गाढ, सम आणि शिथिल. दाबतो पण दुखत नाही तो गाढ, ज्यातून श्वासाबरोबर हवा खेळते तो शिथिल, आणि दोहोंच्या मधला तो सम. कोणत्या अवयवाला कोणता बंध, याचीही वाटणी आहे, आणि पाठ, कुशी, छाती यांच्याबरोबर उदराचे नाव 'सम' या सदरात आले आहे. पुढचे निरीक्षण तर आजच्या कोणत्याही डॉक्टरने मान डोलवावी असे आहे. जेथे सम हवा तेथे गाढ बांधले तर सूज आणि वेदना होतात. आणि हवा त्यापेक्षा सैल बांधले तर पट्टी सरकत राहून जखमेच्या कडा घासतात. पट्ट्याविषयी सांगायचे ते सगळे या दोन वाक्यांत आले.

आवळून बांधल्याने अपाय का होतो? एक तर, स्नायू टाक्यांनी जवळ आणल्यामुळे पोटाच्या आतील दाब आधीच वाढलेला असतो. त्यावर आणखी आवळले, की पडद्याला खाली उतरायला जागा राहत नाही आणि श्वास उथळ होतो. दुसरे, पायांकडून हृदयाकडे परतणारे अशुद्ध रक्त ओटीपोटातूनच वर जाते. ती वाट दाबली गेली, की पायांत रक्त तुंबते, आणि तुंबलेल्या रक्तात गुठळी होण्याचा धोका असतो. अशी गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर प्राणावर बेतते. तिसरे, सोडविलेल्या कातडीला रक्त पुरविणाऱ्या पुष्कळशा वाटा शस्त्रक्रियेत तुटलेल्या असतात. बेंबीच्या खालचा, छेदाजवळचा भाग उरलेल्या थोड्या वाटांवर तगून असतो. तेथे पट्टा रुतला, तर कातडी काळी पडू शकते. आणि त्या भागाला बधिरपणा असल्यामुळे रुतलेले रुग्णाला कळतही नाही.

लुगड्याच्या पट्ट्यात आणि या नव्या पट्ट्यात जो मोठा भेद आहे, तो येथे लक्षात घ्यावा. सुती कापड संध्याकाळपर्यंत आपोआप सैल पडते. बांधणारीने चूक केली तरी कापड ती पोटात घालते. नवा पट्टा ज्या ताणल्या जाणाऱ्या कृत्रिम धाग्याचा होतो, तो अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ मध्ये तयार केला. या धाग्याचा गुणच असा, की तो ताणला की पुन्हा आखडू पाहतो, आणि हे आखडणे रात्रंदिवस चालू राहते. सकाळी केलेली चूक तो संध्याकाळपर्यंत तशीच चालवितो. शिवाय पट्ट्याला एक जरी चुणी पडली, तरी सगळा ताण त्या चिंचोळ्या रेघेवर येतो. बैलाच्या मानेवर जू सपाट बसले तर मान टिकते, कड लागली तर गळू होते. तसाच हा प्रकार.

म्हणून सम बंधाची आमची कसोटी साधी आहे. पट्टा बांधल्यावर दीर्घ श्वास घेता आला पाहिजे. पट्टा आणि पोट यांच्यामध्ये दोन बोटे सपाट सरकली पाहिजेत. बसल्यावर खालची कड जांघेत आणि वरची कड बरगड्यांत रुतता कामा नये. सोडल्यावर कातडीवर दिसणारे वळ थोड्या वेळात मावळले पाहिजेत. पोटभर जेवल्यावर तो त्रास देतो असे वाटले, तर पट्ट्याला दोष देण्याआधी थोडे थोडे आणि वारंवार खाऊन पाहावे; आणि शौचाला कुंथावे लागू नये एवढे पाणी व पालेभाजी पोटात जाऊ द्यावी.

दुसरा प्रश्न: किती दिवस? पहिला पट्टा बहुधा शस्त्रक्रियेच्या टेबलावरच बांधलेला असतो. तो सोडायचा केव्हा, हे डॉक्टर सांगेपर्यंत आपण हात लावू नये. पुढे जखम पाहण्यासाठी आणि अंघोळीसाठी तो काढण्याची मुभा मिळते. पहिल्या काही वेळा तो निजूनच काढावा आणि निजूनच बांधावा. उभ्याने एकदम सोडला तर घेरी येते. पहिले काही दिवस रुग्ण थोडा वाकूनच चालतो आणि गुडघ्यांखाली उशी घेऊन निजतो. त्यात भिण्यासारखे काही नाही. आवळलेल्या कातडीला ताण पडू नये, म्हणूनच तसे करायचे असते. पट्टा आहे म्हणून ताठ उभे राहण्याचा हट्ट धरू नये. सामान्यतः पहिले तीन ते सहा आठवडे रात्रंदिवस, आणि मग काही आठवडे फक्त दिवसा, अशी मुदत डॉक्टर घालून देतात. सूज उतरत जाते तसा पहिला पट्टा ढिला पडतो. तेव्हा तोच ओढून चुण्या पाडीत बांधण्यापेक्षा लहान मापाचा घ्यावा. मुदत संपल्यावर मात्र तो सोडण्याचे धैर्यही हवे. महिनोन् महिने पट्ट्यावर टेकलेले स्नायू आपले काम विसरतात.

ही सर्व माहिती छापील चिठ्ठीवर मिळू शकते. परंतु चिठ्ठी लिहिणारा थंड हवेच्या खोलीत बसलेला असतो आणि पट्टा बांधणारी चैत्र-वैशाखात आपल्या जिल्ह्यात असते, जेथे पारा चाळीस अंशांच्या वर जातो. तेव्हा थोडे आपल्या गावापुरते बोलू. कृत्रिम धाग्याचा पट्टा उघड्या अंगावर बांधला, की दोन दिवसांत घामोळे आणि चार दिवसांत खाज. यावर उपाय सुती कापडाचा, आणि सुती कापडासाठी आपल्या जिल्ह्याला कोणाच्या तोंडाकडे पाहायला नको. आपले तेर म्हणजे प्राचीन तगर. तेथून साधे सुती कापड आणि मलमलीचे प्रकार भडोचच्या बंदरात जात, अशी नोंद पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात आहे. त्याच जातीचा एक पातळ, सैल, शिवण नसलेला सुती तुकडा पट्ट्याच्या आत घालावा, पण त्याला चुणी पडू देऊ नये. उन्हाळ्यात पित्तदुष्ट जखमेचा बंध दिवसातून दोनदा बदलावा, असे सुश्रुतांनीही सांगून ठेवले आहे. म्हणून पट्टे दोन असावेत. एक अंगावर आणि एक दोरीवर. तो साध्या साबणाने, थंड पाण्यात, हाताने धुवावा आणि सावलीत वाळवावा. कडक उन्हात व उकळत्या पाण्यात त्याचा ताण मरतो. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या गावात पट्ट्यासाठी रोज बादलीभर पाणी काढणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. तरीही ते पाणी औषधाच्याच खात्यात धरावे.

दुसरी गोष्ट मिश्रीची. भाजलेल्या तंबाखूची ही पूड आपल्याकडे कित्येक बायका सकाळ-संध्याकाळ दातांना लावतात आणि तिला व्यसनात मोजतच नाहीत. डॉक्टरने 'विडी-सिगारेट ओढता काय?' असे विचारले, की त्या खऱ्या मनाने 'नाही' म्हणतात. परंतु तंबाखूतील निकोटिन धुरातून गेले काय आणि हिरड्यांतून गेले काय, ते रक्ताच्या बारीक वाहिन्या आकसून टाकते. आणि आधीच थोड्या वाटांवर तगणाऱ्या कातडीला हे आकसणे सोसत नाही. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी निदान चार आठवडे आणि नंतरही जखम पूर्ण भरेपर्यंत मिश्री, तंबाखू, गुटखा वर्ज्य. आणि डॉक्टरने विचारले नाही तरी आपण होऊन सांगावे. तिसरी गोष्ट प्रवासाची. पुण्याहून धाराशिवला यायला पाच-सहा तास लागतात. तेवढा वेळ पट्टा बांधून पाय दुमडून बसणे धोक्याचे. तासा-दीड तासाने गाडी थांबवून चार पावले चालावे आणि बसल्या जागी घोटे हलवीत राहावे.

काही खुणा अशा आहेत, की त्या दिसताच पट्टा सोडून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा: एका पोटरीला सूज व दुखणे; धाप लागणे वा छातीत कळ; छेदाजवळची कातडी जांभळी-काळी पडणे; ताप, पू किंवा दुर्गंधी; आणि पोटावर एका बाजूने टिचकी मारली असता दुसऱ्या बाजूला लाट गेल्यासारखी वाटणे. पहिल्या दोन खुणांना तर सकाळ होण्याची वाट पाहू नये.

आता आमच्या अनुभवातील एक उदाहरण सांगतो. एका शिक्षिकाबाईंनी जुळ्या मुलांनंतर काही वर्षांनी मोठ्या शहरात जाऊन ही शस्त्रक्रिया करून घेतली. तीन आठवडे सर्व ठीक होते. मग घरात लग्न निघाले. पट्टा आहे म्हणून त्या दिवसभर उभ्या राहिल्या, आणि साडी चांगली बसावी म्हणून पट्टा नेहमीपेक्षा बराच आवळून बांधला. घरी परतल्यावर सासूबाई म्हणाल्या, 'पट्टा हाय की कमरंला, मग घागर उचलाया काय झालं?' बाईंनी घागर उचलली. चौथ्या दिवशी त्या आमच्याकडे आल्या, तेव्हा ओटीपोटावर पाणी साचले होते आणि पट्ट्याच्या चुणीखाली बोटभर लांब फोड आला होता. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे परत जाऊन दोन वेळा सुईने पाणी काढावे लागले, आणि मग त्या बऱ्या झाल्या. 'डॉक्टर, पट्टा घट्ट होतोय हे कळत होतं,' त्या म्हणाल्या, 'पण एवढा खर्च केला, आता त्याचं चीज व्हायला नको का?'

या प्रसंगी सासूबाईंना दोष देणे सोपे आहे, पण तो न्याय होणार नाही. त्याच सासूबाईंनी सुनेच्या बाळंतपणात तिला सव्वा महिना पाण्याला पाठविले नव्हते. पट्टा पाहून त्यांची फसगत झाली. जुन्या प्रथेचे नीट अवलोकन केले तर तीत दोन गोष्टी होत्या: एक पोट बांधणे, आणि दुसरी सव्वा महिन्याची विश्रांती. लुगड्याचा पट्टा ही त्या विश्रांतीची खूण होती. पोट बांधलेली बाई दिसली, की तिला काम सांगायचे नाही, घागर दुसरीने उचलायची, दळण दुसरीने करायचे, हे सगळ्या आळीला कळे. बांधलेले कापड अंगाला आधार देई, आणि सव्वा महिना त्या कापडाला अर्थ देई. नव्या पट्ट्याबरोबर मात्र उलट समजूत आली: बांधले आहे, म्हणजे आता काम करायला हरकत नाही. हमालाचे उपरणे आणि बाळंतिणीचा पट्टा यांत आपण गल्लत केली. एक ओझे उचलण्यासाठी बांधायचे असते, दुसरा ओझे न उचलण्याची आठवण म्हणून.

अर्थात सव्वा महिना तरी सर्वांना कोठे मिळत होता? तो घरात माणसे असणाऱ्यांना मिळे. रोजाने जाणारी दहाव्या-बाराव्या दिवशी शेतावर असे. आजही भूम, वाशी, कळंब या भागांतून ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रीला आजारपणाचा खाडा परवडत नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये चव्हाट्यावर आला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. शस्त्रक्रिया कोणतीही असो, सौंदर्यासाठी केलेली असो वा दुखण्यापायी केलेली. कापलेल्या पोटाला भरून यायला लागणारे दिवस श्रीमंताला कमी आणि गरिबाला जास्त असा भेद नाही. टाके घातलेल्या पडद्यात खरे बळ यायला सहा आठवडे लागतात, आणि तोवर जड उचलू नये, असे आजचे डॉक्टर सांगतात. सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस. सव्वा महिन्याहून चारच दिवस अधिक! आजीबाईंनी हा हिशेब कोणत्या पुस्तकातून काढला नव्हता. पण तो फारसा चुकलेला नाही.

तेव्हा पट्टा जरूर बांधावा. तो सम बांधावा, सपाट बांधावा, स्वच्छ बांधावा आणि सांगितले तितके दिवस बांधावा. परंतु पट्टा हे अर्धे औषध आहे, आणि ते दुकानात विकत मिळते. उरलेले अर्धे औषध दुकानात मिळत नाही. ते घरातील माणसांनी द्यायचे असते. पट्टा बांधलेली बाई घागरीपाशी आली, तर 'राहू दे, मी नेतो,' असे म्हणून घागर उचलणारा हात तिच्या घरात असला पाहिजे. तो हात नवऱ्याचा असला, तर आमची काही हरकत नाही.